मी घसरले नव्हते

मी एक जुनी लाकडी शिडी आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मला हात लावलात तर कुसळ टोचेल. वय झालं की मन मऊ होतं म्हणतात. माझं झालेलं नाही. माझ्यावर एकदा खोटा आळ आला होता. तो पुढे उतरला, पण त्याचा राग माझ्या लाकडात मुरला तो मुरलाच. गोड गोष्ट ऐकायला आला असाल तर बाहेर तळ्यावर बदकं आहेत, ती बघा. खरी ऐकायची असेल तर बसा.

मी एका राखीव रानात राहते. एक टेकडी, तिच्या पायथ्याशी तळं, सगळीकडे दाट झाडी आणि माथ्यावर एक दगडी बुरूज. फाटकाजवळच्या पाटीवर झाडांची नावं आहेत, पक्ष्यांची चित्रं आहेत आणि सगळ्यांत खाली बुरुजाविषयी दोन ओळी आहेत. तो कोणी बांधला ते ठाऊक नाही, आणि तो पडला तर पुन्हा तसा बांधता येणार नाही, एवढंच त्यात लिहिलं आहे. सुट्टीच्या दिवशी लोक येतात, वारा खातात, फोटो काढतात आणि म्हणतात, किती छान ठेवली आहे जागा. किती सहज बोलतात ते. जागा 'ठेवायची' म्हणजे काय, ते माझ्या पायऱ्यांना विचारा.

माझा जन्म इथलाच. वादळात पडलेल्या एका सरळसोट झाडापासून मला एका म्हाताऱ्या सुतारानं घडवलं. दोन उभे दांडे आणि एकोणीस पायऱ्या. खिळा एकही नाही. प्रत्येक पायरी भोकात बसवून पाचर मारलेली. काम संपल्यावर तो स्वतः माझ्यावर चढला आणि एकेका पायरीवर उभा राहून त्यानं उडी मारली. एकोणीस पायऱ्या, एकोणीस उड्या. त्याची बायको दारातून म्हणत होती की या वयात हाडं मोडून घ्यायची हौस आहे का. त्यानं लक्ष दिलं नाही. नंतर त्यानं मला तेल पाजलं आणि ऑफिसातल्या माणसाला सांगितलं की ही तुमच्या नातवंडांनाही पुरेल.

तेव्हा माझी वट होती. तळ्याकाठच्या झाडांना घरटी टांगायची, बोलवा शिडीला. वाटेवर लोंबणारी वाळकी फांदी काढायची, बोलवा शिडीला. बुरुजाच्या दरजा भरायच्या, तर माझ्यावाचून पान हलत नसे. दरज म्हणजे दोन दगडांमधली फट. ती चुन्यानं भरली नाही तर पाणी आत शिरतं आणि भिंत आतून पोकळ होते. शाळेच्या सहलीतली मुलं माझ्याजवळ उभी राहून फोटो काढत. इतक्या वर्षांत माझ्यावरून एकही माणूस पडला नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. पुढे याचीच गरज पडणार आहे.

मला वापरणारी माणसं दोन होती. एक गवंडी. बुरूज, जुन्या पायऱ्या, दगडी कुंड, जे जे माणसानं बांधलेलं ते त्याच्याकडे. दुसरा माळी. बाग नव्हती तरी सगळे त्याला माळीच म्हणत. जे जे उगवलेलं ते त्याच्याकडे. दोघांची गट्टी अशी की एक शिंकला तर दुसरा नाक पुसायचा. गवंड्यानं आपली थोरली बहीण माळ्याला दिली. ती फाटकावरच्या तिकीट खिडकीत बसायची. भाऊ तिला ताई म्हणायचा, म्हणून सगळं रानच तिला ताई म्हणू लागलं. फाटकामागे कामगारांच्या खोल्या होत्या. दोघांच्या खोल्या शेजारी शेजारी, मधली भिंत एकच, अंगणातली कपडे वाळवायची दोरीही एकच.

असं होतं सगळं. आणि मग एक रोप उगवलं.

त्या दिवशी गवंडी बुरुजावर दरजा भरायला चढला होता. खाली माझे दांडे धरून माळी उभा होता. अठराव्या पायरीवरून गवंड्याला दोन दगडांमध्ये रानअंजिराचं रोप दिसलं. वीतभरसुद्धा नव्हतं. तो उपटायला गेला तोच माळ्यानं खालून थांबवलं. राहू दे, म्हणाला, मी उद्या येऊन मुळांसकट अलगद काढतो आणि तळ्याकाठी लावतो. गवंड्यानं हात मागे घेतला आणि खाली उतरला.

दुसऱ्या दिवशी तळ्याचा बांध खचला, त्यात माळी आठवडाभर अडकला. मग विसरला. पुढच्या वर्षी रोप कमरेएवढं झालं, तेव्हा म्हणाला की आता काढलं तर मरेल. त्याच्या पुढच्या वर्षी त्यावर पाखरांनी घरटं बांधलं. मग फळं आली, मग फळं खायला रानकबुतरं आली, आणि पाटीवर एका पक्ष्याचं नाव वाढलं. माळ्याची छाती फुगली. इकडे मुळं भिंतीत शिरली आणि बुरुजाला पोट आलं. दगड एकेक करून बाहेर यायला लागले.

गवंडी म्हणायचा, तुम्ही मला तेव्हा थांबवलंत. माळी म्हणायचा, दरजा वेळेवर भरल्या असत्या तर बी रुजलंच कुठे असतं? दोघांचं म्हणणं खरं होतं. भांडणात दोघांचं खरं असलं की ते मिटत नाही, हे मी पाहिलेलं आहे.

पूर्वी माळी मेहुण्याला 'अरे' म्हणायचा. आता 'तुम्ही' म्हणायला लागला. घरात एकाएकी आदर वाढला की समजावं, माया आटली. गवंडी त्याला 'भावजी' म्हणायचा ते म्हणतच राहिला, पण असं की ऐकणाऱ्याला शिवी वाटावी.

पुढे बोलणंच बंद झालं. दोघं ऑफिसात एकमेकांविरुद्ध अर्ज देऊ लागले. गवंड्यानं झाडाच्या मुळांवर लाल खुणा केल्या, माळ्यानं त्या खरवडून काढल्या. मग अवजारांची वाटणी झाली. गवंड्याची थापी, छिन्नी, ओळंबा, घमेली यांना पांढरा रंग. माळ्याचा कोयता, करवत, दोरखंड यांना हिरवा. मी मात्र एकच होते. तेव्हा माझा डावा दांडा पांढरा झाला आणि उजवा हिरवा. कोणी कोणाला न विचारता मला नेऊ नये म्हणून अवजारांच्या खोलीत मला साखळीनं बांधून दोन कुलपं लावली. एका कुलपाची किल्ली एकाकडे, दुसऱ्याची दुसऱ्याकडे. मला बाहेर काढायचं तर ताईला खिडकी सोडून दोघांकडून किल्ल्या आणाव्या लागायच्या. भावाची किल्ली एका हातात आणि नवऱ्याची दुसऱ्या हातात घेऊन ती यायची, तेव्हा तिचा चेहरा बघवत नसे.

आणि काम तर एकमेकांवाचून होत नव्हतं. एक चढला की दुसऱ्यानं धरायलाच हवं. तेव्हा ते माझ्याशी बोलायचे. शिडीला सांगतो, उद्या सकाळी सातला कुंडावर यायचं. शिडीला विचारतो, आज कोणाचे डोळे फुटले होते, करवत ओली ठेवली ती? मी काय उत्तर देणार? मला त्या दोघांची किळस आली होती. पण चढणाऱ्याच्या पायाखाली मी डगमगले नाही, आणि खरं सांगायचं तर धरणाऱ्याचा हातही तोवर कधी सुटला नव्हता.

मग ऑफिसात नव्या व्यवस्थापक मॅडम आल्या. बाई कमी बोलणाऱ्या, दोन्ही अर्ज वाचून दोन्ही बाजूला ठेवणाऱ्या. त्यांनी बाहेरून दोन जाणकार बोलावले, एक दगडांचे, एक झाडांचे. दोघं बुरुजाखाली उभे राहिले, दोघांनी चहा घेतला आणि दोघांनी एकमेकांच्या उलट अहवाल लिहिले. मला हसू आलं. इतकं शिकूनही आमच्याच भांडणात येऊन पडले होते.

निर्णय लांबला. आणि एका सकाळी बुरुजाचा एक दगड सुटला तो खालच्या बाकावर पडला. बाकाचे दोन तुकडे झाले. एक बाई तिथून नुकतीच उठून पाणी प्यायला गेली होती. ती नळापाशी उभी राहून त्या बाकाकडे बघत राहिली.

मॅडमनी त्याच दिवशी बुरूज बंद केला आणि हुकूम काढला की झाड काढायचं. तोडायचं माळ्यानं, कारण भिंत न ओढता एवढं झाड खाली आणणं दुसऱ्या कोणाला जमणार नव्हतं. शिडी धरायची गवंड्यानं, कारण कुठला दगड हलतोय ते त्यालाच कळणार होतं. दुसरी माणसं त्या दिवशी तळ्यावर होती.

सकाळी नऊच्या सुमारास माळी माझ्यावरून वर गेला. एकोणिसाव्या पायरीवरून बुरुजाच्या अरुंद कठड्यावर गेला आणि तिथून झाडाच्या बेचक्यात जाऊन बसला. करवत मांडीवर. खाली गवंडी माझे दांडे धरून वाट बघत होता. करवतीचा आवाज येईना. अर्धा तास गेला, एक तास गेला. गवंड्याचे हात घामानं ओले झाले होते. शेवटी वरून आवाज आला, आणि कित्येक वर्षांनी तो माझ्याशी नव्हता.

"मी कापणार नाही. जाऊन सांगा मॅडमना."

"भावजी, खाली या."

"नाही येत."

गवंड्यानं वर पाहिलं. त्याच्या हाताची पकड बदललेली मला कळली. तो म्हणाला, "मग तिथेच राहा. झाड तुमचं, संसारही तिथेच थाटा."

आणि मित्रांनो, त्यानं मला भिंतीपासून काढलं. मी दोन माणसांचं ओझं, पण रागाला बळ असतं. त्यानं मला खांद्यावर घेतलं, वीस पावलं नेलं आणि त्याच्या चुन्याच्या ढिगावर आडवं टाकलं. मग हात झटकले आणि जवळच्याच अवजारांच्या खोलीकडे जेवायला निघून गेला.

वर माळी, खाली मी. मधे वीस पावलं आणि तीन माणसांची उंची.

त्याला एक हाक मारायची होती. एवढंच. गवंडी ऐकू येईल अशाच अंतरावर बसला होता, दार उघडं ठेवून, घास हातात धरून. हाक आली असती तर तो धावत आला असता, हे मी त्याच्या बाजूनं सांगते, कारण खोटं बोलायचं मला जमत नाही. पण माळ्यानं हाक मारली नाही. ऊन चढलं. तो बेचक्यातून कठड्यावर आला, खाली वाकून बघितलं, पुन्हा बसला. मग मुळांना धरून उतरायला लागला. मुळं दोरखंडासारखी जाड होती, ती तुटली नाहीत. ज्या दगडाला त्यानं पाय लावला तो निखळला.

पोतं पडल्यासारखा आवाज झाला.

गवंडी धावत आला. त्याच्या ओठाला भाताचं शीत चिकटलेलं होतं. माळी गवतावर पडला होता, शुद्धीवर होता, आणि उजवा पाय असा वळला होता की तसा पाय वळत नाही. गवंड्यानं ताईला हाक मारली. त्या दिवशी त्या रानात हाक मारणारा तो पहिलाच. ती फाटकापासून चढ चढत येईपर्यंत त्यानं मला चुन्यातून ओढत आणलं, माझ्यावर दोन गोणपाटं बांधली, आणि दोघांनी माळ्याला माझ्यावर घेतलं.

पुढे ताई, मागे गवंडी. माझ्या दांड्यांची पुढची दोन टोकं बहिणीच्या हातात आणि मागची दोन भावाच्या. माळ्याचं डोकं पुढे, पाय मागे, म्हणजे तोंड मेहुण्याकडे. फाटकापर्यंतच्या साऱ्या उतारावर ते एकमेकांकडे बघत होते. माझ्या आयुष्यात मी एवढं जड ओझं वाहिलेलं नाही.

जीपमधून त्याला दवाखान्यात नेलं. खुबा मोडला होता. आणि इकडे ऑफिसात मॅडमनी गवंड्याला विचारलं, काय झालं? गवंडी दोन शब्द बोलला.

"शिडी घसरली."

ते नोंदवहीत लिहिलं गेलं. शिडी जीर्ण असल्यानं घसरून अपघात. माझ्या गळ्यात पाटी अडकवली गेली, 'वापरू नये'. ज्या माणसांनी माझ्या पायऱ्यांवर उभं राहून जन्म काढला ती येता-जाता मला लाथ मारून म्हणायची, हिनंच केलं. ऑफिसातून एक चकचकीत अॅल्युमिनियमची शिडी आली. आठ पायऱ्यांची. तिला बघून मला काय वाटलं ते मुलांसमोर सांगण्यासारखं नाही.

मॅडम दवाखान्यात जाऊन आल्या. माळी त्यांना म्हणाला की मला काही आठवत नाही. बायकोच्या भावाला वाचवायचं होतं, की मांजरासारखा वर अडकून बसलो हे सांगायची लाज वाटली, कोण जाणे. दोन्ही असेल. ताईनं विचारलं तेव्हा मात्र तो म्हणाला, ते शिडीला विचार. आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

ताई त्याच दुपारी अवजारांच्या खोलीत आली. तिनं खरंच मला विचारलं. म्हणजे तोंडानं नाही. ती माझ्याजवळ खाली बसली आणि माझ्यावरून हात फिरवत गेली, पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत. पाचरी हलवून पाहिल्या. एकही सैल नव्हती. मग तिचं बोट हिरव्या दांड्यावर थांबलं. साऱ्या लांबीभर चुना लागलेला होता, वाळून घट्ट बसलेला.

तेवढ्यात गवंडी थापी ठेवायला आला. तिला बघून दारातच थांबला.

"शिडी घसरली?" ताईनं विचारलं.

"सांगितलं ना एकदा."

"घसरून कुठे पडली?"

"कुठे म्हणजे? बुरुजाखाली."

"बुरुजाखाली गवत आहे," ती म्हणाली. "चुना तुझ्या ढिगावर असतो. घसरलेली शिडी चालत जाऊन चुन्यात झोपत नाही रे."

गवंडी उंबऱ्यावर बसला. त्यानं थापीच्या मुठीवरचा रंग नखानं खरवडला. मग म्हणाला, "मला वाटलं ते हाक मारतील."

"आणि त्यांना वाटलं तू परत येशील."

मला वाटलं, ती आता रडेल. ती रडली नाही. तिनं कमरेची किल्ली काढून त्याला दाखवली. "मी खिडकी बंद करून आले आहे. लोक रांगेत उभे आहेत. आत्ता चल ऑफिसात. तू बोलला नाहीस तर मी बोलेन, आणि मी बोलले तर पुन्हा तुझं तोंड बघणार नाही."

तो गेला. तो बोलला. मॅडमनी ऐकून घेतलं, नोंदवही काढली, 'शिडी घसरली' यावर लाल शाईची रेघ मारली आणि वर लिहिलं, 'शिडी काढून नेण्यात आली'. गवंड्याला चार महिने कामावरून काढलं. पोलिसांनीही त्याला बोलावून जबाब घेतला. पुढे जाऊन माळ्यानं तक्रार दिली नाही, म्हणून ते तिथेच थांबलं. गवंडी दवाखान्यात गेला होता असं ऐकलं. माळ्यानं त्याला खुर्चीवर बसा म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. तो उभा राहून परत आला. ताईनं अंगणातली कपड्यांची दोरी सोडली आणि आपली वेगळी बांधली.

माझी चूक नव्हती हे आता सगळ्यांना कळलं होतं. मला कोणी काही म्हणालं का? नाही. 'वापरू नये' ही पाटी पुढेही सहा महिने माझ्या गळ्यात होती, कारण ती काढायचं काम कोणाचं ते ठरलेलं नव्हतं.

दरम्यान मॅडमनी एक शहाणपणाचं काम केलं. माळ्याच्या पायाखालचा जो दगड निखळला होता, तिथे भोक पडलं होतं. त्यांनी कोणाला तरी दोरखंडावरून वर चढवून आतला फोटो काढून आणायला लावला. मग तो फोटो टेबलावर ठेवून दोन दिवस बघत बसल्या. बुरूज आतून पोकळ झालेला होता. मुळांनी दगड ढकलले होते हे खरं, पण आता त्याच मुळांनी ते मुठीत धरूनही ठेवले होते. झाड कापलं असतं तर मुळं कुजली असती आणि बुरूज बसला असता. झाड तसंच वाढू दिलं असतं तर वाऱ्यानं हलून हलून त्यानं बुरूज पाडला असता. म्हणजे झाड राखायचं पण दरवर्षी वरून हलकं करायचं, आणि बुरुजाच्या दरजा दरवर्षी भरायच्या, मुळांना न दुखवता. हे काम कधीच संपणारं नव्हतं, आणि ते एकट्याचं नव्हतं.

गवंड्याची शिक्षा संपली. त्यानंतर दोन महिन्यांनी माळी काठी टेकत कामावर आला. मॅडमनी दोघांना समोर उभं करून फोटो दाखवला. तुम्ही एकमेकांशी बोलावं असं मी म्हणणार नाही, त्या म्हणाल्या, मला बुरूजही हवा आहे आणि झाडही, एवढंच सांगते. दोघं फोटोकडे बघत राहिले. प्रत्येकाला त्यात आपण बरोबर असल्याचं दिसलं असणार, आणि आपण चुकल्याचंही.

अॅल्युमिनियमची शिडी बुरुजाच्या निम्म्यालाही पोचेना. तेव्हा त्यांना माझी आठवण झाली. माझ्या गळ्यातली पाटी काढली, साखळी काढली. दोन्ही कुलपं त्या दिवशी ताईनं एकटीनं उघडली आणि बाहेर कचऱ्यात टाकली.

मला बुरुजाला लावलं. माळ्याला आता चढता येणार नव्हतं. फांद्या गवंड्यानं कापायच्या होत्या, माळी सांगेल तशा. धरायला कोण, असं मॅडमनी विचारलं आणि तळ्यावरच्या एका माणसाला बोलवायला निघाल्या. माळी म्हणाला, मीच धरणार. काठी त्यानं भिंतीला टेकवली आणि माझे दोन्ही दांडे धरले, एक पांढरा, एक हिरवा.

ताई खिडकी सोडून आली होती, थोडी लांब उभी होती. गवंड्यानं करवत कमरेला अडकवली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दुसरा पाय जमिनीवरून उचलेना. ज्याला आपण वर सोडून निघून गेलो त्याच्या हातात स्वतःला द्यायचं, हे सोपं नसतं.

माळी त्याच्याकडे न बघता म्हणाला, "चढा मेहुणे. तुम्हाला हाक मारावी लागणार नाही."

गवंडी चढला. एकोणीस पायऱ्या, मग कठडा, मग बेचकं. खालून माळी हुकूम सोडत होता. त्यात माया अजिबात नव्हती. डावीकडची. ती नाही, तिच्या मागची. करवत तिरकी धरा, दिसत नाही का? गवंडीही वरून उलट बोलत होता की एवढं कळतं तर या वर. दोन तास ते असे भांडले, आणि दोन तासांत झाड निम्मं हलकं झालं आणि भिंतीचा एक दगड हलला नाही. मधे एकदा गवंड्यानं भलत्या ठिकाणी करवत टेकवली तेव्हा माळी ओरडला, "अरे तिथे नको, गाठीच्या वर काप." ताईनं मान वर केली. पुढच्या वाक्याला तो पुन्हा 'तुम्ही'वर गेला.

मी म्हातारी झाले होते. माझे दांडे कुरकुरत होते. पण खालचे ते दोन हात एकदाही ढिले पडले नाहीत. रागानं धरलेले होते, आणि घट्ट होते.

गवंडी उतरायला लागला. तो सगळ्यांत खालच्या पायरीवर असतानाच माळ्यानं हात काढून घेतले आणि काठी उचलली. पडावं इतकी ती पायरी उंच नव्हती. हात सुटल्याचं कळावं इतकी होती. गवंडी खाली उतरला आणि चुना कालवायला गेला.

त्याला आता सहा वर्षं झाली. दरवर्षी एकदा मला बाहेर काढतात, याच कामाला. ते दोघं अजून एकमेकांच्या घरी जात नाहीत. कबुतरं येतात. बुरूज उभा आहे. बाक नवा आहे, जरा लांब ठेवलेला.

मित्रांनो, तुम्ही इथे याल, म्हणाल, किती छान ठेवली आहे जागा. म्हणा. पण भिंतीत काही उगवलेलं दिसलं तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा, उद्यावर टाकू नका. वाट्याला आलेली जागा एकट्याच्या आवडीनं सांभाळता येत नाही. तिला कधी कधी आपल्याला न आवडणारा माणूसही लागतो. त्याच्याशी गोड बोललंच पाहिजे असं मी सांगणार नाही, मला स्वतःला ते जमत नाही. भांडायचं तर खुशाल भांडा. भांडायला तोंड पुरतं. हात शिडीवर असू द्या.